मास्तरांच्या खिडक्या

तो कागद मी कापला होता.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. देवापुढेही नाही, त्याला ठाऊक असणारच, तिथे पुन्हा काय सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. लोक त्याला सभ्यपणा म्हणतात. गेली नऊ वर्षं मी त्या सभ्यपणाच्या आड बसून आहे.

कागद कसला आणि तो कापण्यात गुन्हा काय, हे कळायला आधी मास्तर कळले पाहिजेत. आणि मास्तरांबद्दल सांगायला बसलं की मला हसू येतं, ही माझी अडचण आहे. कबुलीजबाब हसत लिहू नये म्हणतात. पण ते हसू मी दाबलं तर मास्तरांचं चित्र खोटं निघेल, आणि खोटं मी पुरेसं बोललो आहे.

रत्नागिरीच्या आमच्या शाळेत मी भूमिती शिकवायला आलो तेव्हा मास्तर पन्नाशीला टेकले होते. वरच्या वर्गांना मराठी शिकवत. उंच, किडकिडीत, ऐन मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. वर्गाच्या दाराशी वहाणा काढून अनवाणी आत जायचे. हेडमास्तरांनी कारण विचारलं, तर म्हणाले की आत पुस्तकं असतात. कोटाच्या डाव्या खिशात वस्तऱ्याचं तुटकं पातं, सुपारीच्या झाडाच्या विरीत, म्हणजे वाळक्या जाड सालीत, गुंडाळलेलं; उजव्या खिशात फणसपोळीचे तुकडे. गप्पांच्या भरात खिसा चुकायचा. त्यामुळे त्यांच्या अंगठ्याला बारा महिने चिंधी बांधलेली असे, आणि फणसपोळी मागणारी मुलं आधी कोणत्या खिशात हात जातो ते बघून मग हात पुढे करत.

त्या काळी आमच्या गावातल्या शहाण्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत होतं: कादंबऱ्यांनी मुलं बिघडतात. पालक येऊन तक्रार करत की पोरगा अंथरुणात कादंबरी वाचताना सापडला. मास्तर गंभीरपणे विचारत, कितव्या पानावर होता? पालकांना ते सांगता येत नसे. मग मास्तर म्हणत, तुम्ही अर्धवट चौकशी करून आलात. ते स्वतः कोणतीही कादंबरी शेवटच्या प्रकरणापासून वाचायला घेत. मी एकदा त्यांना म्हटलं, की शेवट आधी कळला तर मजा काय राहिली. ते म्हणाले, "भूमितीवाले, सिद्ध काय करायचं ते तुम्ही आधी फळ्यावर लिहिता की नंतर?" 'भूमितीवाले' हे नाव त्या दिवसापासून मला चिकटलं.

खिडक्यांची सुरुवात मी येण्याआधी तीन-चार वर्षं झाली होती. ती हकिगत त्यांच्याकडून मी दहा वेळा ऐकली असेन. आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागते. त्या बारीक किड्याने शाळेच्या ग्रंथसंग्रहातल्या एका कादंबरीला आरपार भोकं पाडली होती. मास्तरांनी पुस्तक उघडलं तर एका पानाच्या भोकांतून मागच्या पानावरचे चार-पाच शब्द वर डोकावत होते. त्यांनी ते ओळीने वाचले, आणि त्यांचा अर्थ लागला. नुसता लागला नाही, त्यांना तो दिवसभर सुटेना. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक वर्गात नेऊन म्हणाले, "अक्षरशत्रू किड्याने कविता केली आहे. तुम्हांला तर वाचता येतं."

तेव्हापासून त्यांच्या वर्गात तो प्रकार सुरू झाला. मुलाने कादंबरी वाचायची. पूर्ण वाचायची, कारण मास्तर मधूनच कुठल्याही पानावरचं विचारत. मग एक पान निवडायचं. त्या पानावर पातळ कागद ठेवायचा, हवे असलेले शब्द पेन्सिलीने हलके टिपायचे, कागद उचलून पाटीवर ठेवायचा आणि त्या जागी छोट्या खिडक्या कापायच्या. कागद पुन्हा पानावर ठेवला की बाकीचं पान झाकलं जाई आणि खिडक्यांतून तेवढे शब्द दिसत. ती कविता. पुस्तकाला ओरखडा उमटता कामा नये. शब्दांचा क्रम बदलायचा नाही, पदरचा एक शब्दही घालायचा नाही. कागदाच्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा लिहायचा. स्वतःचं नाव लिहायला मात्र बंदी होती. कुणी लिहिलंच, तर मास्तर खोडून टाकत. "शब्द तुझे नाहीत," ते म्हणत, "भोकं तेवढी तुझी."

मुलं आधी लोभाने कापत. पानभर खिडक्या. मास्तर तो कागद उंच धरून म्हणत की ही चाळण झाली, हिने तांदूळ चाळा. मग ते त्यांना मांडवीच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायकांची आठवण द्यायचे. त्या बायका कोयतीने नेमका घाव घालतात, आतला जीव तेवढा टोपलीत टाकतात आणि पुढच्या कालवाकडे जातात. खडक घरी नेत नाहीत. आमच्या मुलांना हे लगेच कळे. निम्म्यांच्या घरी त्या टोपल्या होत्या.

आता शनिवारच्या सकाळबद्दल सांगतो. त्या दिवशी मास्तर कविता वाचून घेत, आणि त्या वाचनाचा त्यांचा एक नियम होता जो मी जगात दुसरीकडे कुठे पाहिला नाही. दोन खिडक्यांच्या मध्ये जेवढे शब्द झाकलेले असतील, ते वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायचं. ते म्हणत, "झाकलेलेही शब्द वाचायचे. फक्त आवाज करायचा नाही." त्यामुळे एक मुलगा उभा राहून एखादा शब्द म्हणे आणि मग चाळीस मुलं निमूट बसून राहत. मग दुसरा शब्द. एकदा हेडमास्तर फेरीवर असताना दारात येऊन उभे राहिले. वर्ग चिडीचूप, एक पोरगा पुस्तकात बघत गप्प उभा, मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसलेले. हेडमास्तरांनी विचारलं, काय चाललंय? डोळे न उघडता मास्तर म्हणाले, वाचन. हेडमास्तर मनाने चांगले, पण सरकारी ग्रँटच्या काळजीने कायम अर्धे झालेले. ते आल्या पावली परत गेले आणि मला शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "तो माणूस एक दिवस मला घेऊन बुडेल."

त्याच वर्गातला एक मुलगा मला विसरता येत नाही. घाटाच्या पायथ्याच्या एका खेड्यातला, वडील नाहीत, गावात वारावर जेवायचा. म्हणजे सोमवारी एकाच्या घरी, बुधवारी दुसऱ्याच्या. तोंडातून शब्द निघत नसे. त्याने अडीचशे पानांची कादंबरी वाचून एक कागद आणला, त्यात एकच खिडकी, अगदी तळाला. काही मुलं हसली. मास्तर म्हणाले, वाच. तो उभा राहिला. नियमाप्रमाणे सबंध पानभर गप्प राहिला. मीही त्या दिवशी मागे बसलो होतो. चार मिनिटं म्हणजे केवढा वेळ असतो ते मला तिथे कळलं. मग तो म्हणाला, "जेवलास?" आणि खाली बसला.

कुणी हसलं नाही. मास्तरांनी त्याला विचारलं, तुझा कोणता वार मोकळा आहे रे? तो म्हणाला, मंगळवार. त्यानंतर मंगळवार मास्तरांच्या घरचा झाला.

घर म्हणजे मास्तर आणि त्यांची मोठी बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. बालविधवा, तोंडाची फटकळ आणि हाताची सढळ. मला पहिल्यांदा चहा देताना तिने गाऱ्हाणं मांडलं ते असं: "हा काय करतो ठाऊक आहे का हो तुम्हांस? कागद दिसला मेला की भोक. लग्नाची पत्रिका आली, भोकं. म्युनिसिपालटीची नोटीस आली, भोकं. परवा पंचांग उघडलं तर एकादशी गायब." मास्तर आतून म्हणाले, "एकादशी आहे, आक्का. बाकीचा पंधरवडा झाकलाय." आक्का माझ्याकडे बघून म्हणाली की बायको करून दिली असती तर हा असा झाला नसता, मग जरा थांबून म्हणाली, "तिला बरीक वेड लागलं असतं."

मी त्यात कसा ओढला गेलो तेही सांगतो. मास्तर एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, तुमच्या शास्त्राची मदत हवी आहे. कागद पानावर ठेवताना जरा खाली सरकला की खिडक्यांत भलतेच शब्द येतात. आदल्या शनिवारी एका मुलाची 'चांदणं हळूच उशाशी' अशी कविता होती. कागद एक ओळ घसरला आणि भर वर्गात 'मामंजी खोकत ओसरीवर' असं वाचलं गेलं. मी त्यांना म्हटलं, कागद बरोबर पानाएवढा कापा आणि वरचा उजवा कोपरा कोपऱ्याला भिडवा, मग सरकणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू नवा सिद्धांत सांगितला. "चार वर्षं माझ्या कविता घसरत होत्या," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला एक कादंबरी हातात दिली आणि म्हणाले, तुम्हीही एक कापून बघा.

मी हसून नेली. पण मग कापत राहिलो. कुणाला न सांगता, घरी, दुपारच्या वेळी. मी पट्टी आणि गुण्या लावून कापायचो, सवयच तशी. माझ्या खिडक्या काटकोनात, चारी बाजू सरळ. मुलांच्या वेड्यावाकड्या असत. मास्तर कुठलाही कागद हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवत आणि कुणाचा ते सांगत. माझा पहिला कागद बघून म्हणाले, "ह्या खिडक्या कलेक्टर कचेरीच्या आहेत. कविता आत जायला भिते आहे." ते खरं होतं. माझ्या कागदांत अर्थ होता, पण जीव नव्हता.

एकाच कागदात तो आला.

मिठाच्या चळवळीचं ते वर्ष. खाली शिरोड्याकडे माणसं मीठ उचलत होती, डोकी फुटत होती. आमच्या गावातलेही काही गेले. मी गेलो नाही. तीन वर्षं हंगामी नोकरी केल्यावर जूनपासून मला कायम करायचं ठरलं होतं, घरी पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. जायचं माझ्या मनात आलं नाही असं मात्र नाही. त्याच दिवसांत मी शाळेची एक जाड सामाजिक कादंबरी वाचत होतो. तिच्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर एक सून शेजारणीकडे मीठ मागायला जाते, असा साधा प्रसंग आहे. मी कागद ठेवला, खिडक्या कापल्या, आणि वाचलं:

मीठ
घरात नाही.
समुद्र
दाराशी.
विचारायचं
कुणाला?

आज कुणी म्हणेल, ते सहज आलं असेल. नाही. मी ते जाणूनबुजून कापलं. काय कापतो आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. रस्त्यावर उतरायची माझी छाती नव्हती, म्हणून सुनेच्या पदराआड उभं राहून बोललो. शनिवारी मास्तरांची पाठ वळलेली बघून तो कागद मी त्यांच्या डब्यात सरकवला.

तो डबा विलायती बिस्किटांचा होता, पत्र्याचा. वर्गात कपाटावर असे. सात वर्षांत मुलांनी कापलेले सगळे कागद त्यात होते. मास्तरांनी त्या दिवशी वरचाच कागद काढला, पुस्तक मागवलं, स्वतः उभं राहून वाचला. थांबत थांबत, नियमाप्रमाणे. मी दाराबाहेर होतो. कुणाचा आहे, ते मास्तरांनी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत मी टेबलाशी आलो तर माझ्या वहीवर फणसपोळीचा एक तुकडा ठेवलेला होता.

आमच्या मॅट्रिकच्या खालच्या वर्गात हसन नावाचा मुलगा होता, मिरकरवाड्यातला. बाप मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, थोरला भाऊ मुंबईला गोदीत कारकून. हसनचा आवाज खणखणीत, आणि गप्प उभं राहणंही त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. त्याच्या भावालाही वाचनाचं वेड. दोघा भावांनी एक युक्ती काढली होती. हसन शाळेत जी कादंबरी वाची तिचीच, त्याच छपाईची प्रत भाऊ मुंबईला रद्दीवाल्याकडून मिळवी, आणि हसन त्याला नुसता खिडक्यांचा कागद पाठवी. भाऊ तिकडे आपल्या पुस्तकावर ठेवून वाची. पत्रात एक अक्षर लिहायची गरज नसे. मास्तरांना ह्या युक्तीचं एवढं कौतुक की मनीऑर्डर नुसती पैशांचीच का असावी, असं ते सगळ्यांना सांगत फिरत.

मिठाची कविता हसनला आवडली. समुद्र त्याच्याही दाराशी होता. त्याने मास्तरांना विचारून तो कागद भावाला दाखवायला घेतला आणि बोटीने निघालेल्या एका शेजाऱ्याच्या हाती द्यायला मांडवीच्या बंदरावर गेला. त्या दिवसांत बंदरावर पत्रकांसाठी झडत्या चालत. पोलिसाला शेजाऱ्याच्या गाठोड्यात एक कोरा कागद सापडला. त्याला मोजून मापून भोकं पाडलेली, कोपऱ्यात पुस्तकाचं नाव आणि एक आकडा, आणि पाठवणार कोण, तर शाळेतला पोरगा. आता ह्याला गुप्त संदेश नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? हसन बिचारा खरं सांगत राहिला, की साहेब, ही कविता आहे, पुस्तक आणा, ठेवून बघा. त्यांनी शाळेतून पुस्तक मागवलं. ठेवून बघितलं. पहिलाच शब्द मीठ निघाला.

चौकशी हेडमास्तरांच्या खोलीत झाली. शिक्षणखात्याचे एक अधिकारी आले होते. माझं अक्षर चांगलं म्हणून टिपण घ्यायला मला बसवलं. म्हणजे मी टेबलाच्या टोकाशी टाक घेऊन बसलो होतो, हसन भिंतीशी उभा होता, आणि माझा कागद मधोमध पडला होता.

अधिकाऱ्यांनी हसनला विचारलं, हा तू कापलास? तो म्हणाला, नाही, डब्यातला आहे. डब्यात कुणी टाकला? ठाऊक नाही. हेडमास्तर रडवेले होऊन म्हणाले, की नाव सांग बाळा, नाहीतर तुझं नाव काढून टाकावं लागेल. सांगायला त्याच्यापाशी नावच नव्हतं. ते माझ्यापाशी होतं. टाक दौतीत बुडवून मी तसाच धरून होतो. शाईचा थेंब वहीवर पडलेला मला आजही दिसतो.

मास्तरांनी कागद उचलला. खिडकीच्या कडेवरून अंगठा फिरवला. आणि ते माझ्याकडे बघणार, असं मला वाटलं तेवढ्यात त्यांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली. माझ्याकडे न बघण्याची इतकी काळजी आयुष्यात दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

"माझा आहे," ते म्हणाले.

हेडमास्तर गोंधळले. त्यांनी मास्तरांचे कागद पाहिले होते. ते चाचरत म्हणाले, तुम्ही इतकं सरळ कापत नाही. मास्तर म्हणाले, "त्या दिवशी हात बरा चालला."

अधिकाऱ्यांनी विचारलं, नेमकं मीठच का? "त्या पानावर सून मीठ मागते, साहेब. साखर मागती तर साखर आली असती." अधिकाऱ्यांना हसू आलं असावं, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी तोड सुचवली: मास्तरांनी माफी लिहून द्यावी, हा प्रकार बंद करावा आणि सगळे कागद नष्ट करावेत. मास्तरांनी थोडा विचार केला. म्हणाले, पान छापणाऱ्याने छापलंय, त्याची माफी मी कशी मागू? आणि कागद मुलांचे आहेत. मग तिथेच, माझ्याच हातातला टाक मागून घेऊन, त्यांनी चार ओळींचा राजीनामा लिहिला. शाळेची ग्रँट वाचली. हसनला ताकीद देऊन सोडलं. टाक माझ्या हातात परत आला, आणि मी टिपणात लिहिलं: 'सदर कागद आपण स्वतः कापल्याचे शिक्षकांनी कबूल केले.' ते माझ्या सुरेख अक्षरात शाळेच्या दप्तरात आहे.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी मास्तर आणि आक्का हर्ण्याला निघाले. तिथे त्यांच्या मावसभावाचं घर होतं. मी मांडवीला पोचवायला गेलो. मनात ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. आक्का बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसली, खलाशाशी ट्रंकेवरून भांडू लागली. मास्तर मागे थांबले. डबा त्यांनी काखेत धरला होता तो माझ्या हातात दिला. पुस्तकं शाळेची आहेत, कागद पुस्तकांजवळ राहिले पाहिजेत, एवढंच म्हणाले. मग पाण्यात पाय घालण्याआधी त्यांनी मला विचारलं, "भूमितीवाले, काही बोलायचं आहे का?"

मी म्हणालो, "नाही. प्रकृतीला जपा."

"बरं," ते म्हणाले, आणि धोतर वर धरून पडावाकडे चालू लागले.

जूनमध्ये मी कायम झालो. मराठीचे वरचे वर्गही माझ्याकडे आले. मी व्याकरण चांगलं शिकवतो, निकाल चांगला लागतो. खिडक्या मी कधी कापवून घेतल्या नाहीत.

आणि तो डबा. हे खरं तर वरच्यापेक्षाही वाईट आहे, म्हणून ते इतकं लांबवलं. मास्तर गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात गावात अशी वार्ता उठली की शिक्षकांच्या घरांच्या झडत्या होणार. मी सकाळी न्हाणीघरातल्या चुलीपाशी बसलो आणि सात वर्षांचे कागद एकेक करून आत घातले. त्यात वारावर जेवणाऱ्या मुलाचाही होता. बायकोने विचारलं, काय जाळताय? मी सांगितलं, परीक्षेचे जुने पेपर. ती म्हणाली, पाणी चांगलं कढत झालं असेल. त्या पाण्याने मी आंघोळ केली. झडती आलीच नाही.

मास्तरांचं दर दिवाळीला कार्ड येतं. खुशाली, आक्काचे सांधे, आणि शेवटी एक ओळ डब्याची: कोरड्या जागी ठेवा, कसर लागली तर लागू दे, वाळवी लागू देऊ नका. मी दर दिवाळीला उत्तर लिहितो: डबा सुखरूप आहे.

मागच्या आठवड्यात हसन आला. आता तोही गोदीत नोकरीला आहे, मिशा राखल्या आहेत. येताना हर्ण्याला उतरून मास्तरांकडे दोन दिवस राहून आला होता. त्याने सांगितलं, की मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. ओट्यावर कोळ्यांच्या मुली जमतात, त्यांना वाचायला शिकवतात. गावातल्या बायका मुंबईची पत्रं घेऊन येतात. एक मुलगी वाचते आणि मास्तर त्या बाईला समजावतात की नवऱ्याने काय लिहिलेलं नाही. आक्का त्यावरून रोज भांडते, की लोकांच्या पत्रांतही ह्याची भोकं चालूच.

आम्ही दोघंही हसलो. मग हसन म्हणाला, "सर, मास्तरांनी डबा मागितलाय. पुस्तकं तिकडे गोळा केली आहेत म्हणाले, पोरी वाचतील. मी गुरुवारी परत निघणार, तेव्हा घेऊन जातो."

मी म्हणालो, बरं.

तो निघाला, आणि अंगणात थांबून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "मी तो कागद पाठवला नसता तर मास्तर इथेच असते ना, सर? नऊ वर्षं मला हे कुणाला विचारता आलं नाही."

आणि मी काय म्हणालो, तर, "झालं ते झालं. तू लहान होतास."

त्याने मान हलवली आणि गेला. तो वळणावरून दिसेनासा झाला तरी मी दारात उभा होतो. मास्तरांपुढे गप्प बसलो ते भीतीने. ती भीती तेव्हा खरी होती. ह्या मुलापुढे गप्प बसायला मला आता कसलीच भीती नव्हती, नुसती सवय होती. त्या दिवसापासून मी हे लिहायला बसलो आहे.

उद्या गुरुवार. हसनचं मी एवढं देणं लागतो, की त्याची काहीही चूक नव्हती, हे मी त्याला तोंडाने सांगायचं आहे. मास्तरांना, कागद माझा होता हे मी सांगायला हवं. ते त्यांना ठाऊक आहे, तरी सांगणं माझ्याकडून बाकी आहे, आणि त्यासाठी हसनबरोबर बोटीत बसलं पाहिजे. डबा रिकामा आहे, हे त्यांना ठाऊक नाही. तेही मीच सांगायला हवं. मुलांच्या कविता मात्र मला कुणालाच परत करता येणार नाहीत.